‘तर’ची जबाबदारी



मराठीच्या व्यासपीठावर इंग्रजी व्याकरणातल्या एका प्रकरणाविषयी बोलण्याची मुभा अकादमीने मला दिली, याबद्दल प्रथम आभार मानते. विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. ‘थर्ड कंडिशनल’ हा स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीतला विषय. त्याचे मराठी साहित्याशी काय नाते, असे कोणी विचारले तर ते स्वाभाविक आहे. पण बालाघाटसारख्या गावी इंग्रजी शिकवताना मराठीला वळसा घालून जाता येत नाही. आमच्या महाविद्यालयात येणारी मुले घरी पोवारी, मराठी, गोंडी अशा भाषा बोलतात, शाळा हिंदीतून शिकतात आणि परीक्षेत इंग्रजीचा पेपर सोडवतात. फळ्यावर इंग्रजीचे एक वाक्य लिहिले की ते समजून घेण्यासाठी वर्गात तीन-चार भाषा कामाला लागतात. शिक्षकाला ते दिसत नाही, कारण हे काम मुले मनात करतात. आज मला ते काम उघड्यावर आणायचे आहे.

आधी वाक्य पाहू. ‘पाऊस वेळेवर आला असता तर धान वाचले असते.’ इंग्रजीत हेच असे होईल : ‘इफ द रेन हॅड कम इन टाइम, द पॅडी वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड.’ पाठ्यपुस्तके याचा साचा देतात : इफ, मग हॅड आणि क्रियापदाचे तिसरे रूप, स्वल्पविराम, मग वुड हॅव आणि पुन्हा तिसरे रूप. विद्यार्थी हा साचा सूत्रासारखा पाठ करतो. रिकाम्या जागा भरा म्हटले की भरतो, गुणही मिळवतो. मात्र बाहेर व्हरांड्यात त्याला कोणी विचारले, ‘काल का आला नाहीस?’ आणि त्याला सांगायचे असेल की बस चुकली नसती तर आलो असतो, तर सूत्र तोंडाशी येत नाही. याला मी विद्यार्थ्याचा आळस म्हणणार नाही. सूत्राखाली जो अर्थ आहे, तो त्याच्याकडे आधीपासून आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

आपल्या शालेय व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. ते ज्यांनी चाळले आहे त्यांना ही नावे परकी नाहीत. अमुक झाले असते तर तमुक झाले असते, असा संकेत ज्या रूपातून कळतो तो संकेतार्थ. याच्याही मागे जायचे तर पाणिनीकडे जावे लागते. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायातल्या तिसऱ्या पादात, १३९व्या सूत्रात, त्याने यासाठी ‘लृङ्’ लकार सांगितला आणि तो कोठे वापरावा हे सांगताना ‘क्रियातिपत्ती’ असा शब्द योजला. क्रियातिपत्ती म्हणजे क्रिया सिद्धीस न जाणे, घडता घडता राहणे. ‘थर्ड’ या क्रमांकवाचक नावातून काहीच बोध होत नाही. तो क्रमांक शिकवण्याच्या सोयीसाठी दिलेला आहे. क्रियातिपत्ती हे नाव मात्र वाक्याचे मर्म सांगते. काशिकावृत्तीत या सूत्राची जी उदाहरणे आहेत त्यांपैकी एकाचा आशय असा, की दक्षिणेच्या वाटेने आला असता तर गाडी उलटली नसती. दुसऱ्याचा असा, की आपण माझ्याकडे आला असता तर तुपाशी जेवला असता. वाट चुकलेली गाडी आणि हुकलेले तूप! व्याकरणकारांनीही उदाहरणे घरची, रस्त्यावरची घेतली, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावे.

म्हणजे विद्यार्थ्याकडे अर्थ आहे आणि रूपही आहे. मग अडते कोठे? वह्या तपासताना चार जागा मला पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली जागा सर्वांत महत्त्वाची. ‘पाऊस आला असता तर धान वाचले असते’ या मराठी वाक्याच्या दोन्ही अंगांत एकच रूप आहे : असता, असते. हिंदीतही ‘बारिश होती तो फ़सल बचती’ असे दोन्हीकडे सारखेच. संस्कृतातही लृङ् दोन्ही वाक्यांत येतो. आमचा विद्यार्थी या तोलाला सरावलेला आहे. म्हणून तो इंग्रजीतही तोल साधतो आणि लिहितो : ‘इफ द रेन वुड हॅव कम, द पॅडी वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड.’ आपण तिथे लाल शाईने काट मारतो. काट मारावीच लागते. पण ही चूक अडाणीपणातून आलेली नाही. स्वतःच्या भाषेचा नियम त्याने इमानाने पाळला आहे. इंग्रजी इथे दोन अंगांना वेगळे वागवते, एवढेच त्याला सांगायचे असते. पहिल्या अंगात ती काळ एक पाऊल मागे ढकलते आणि तेवढ्यावर थांबते. ‘वुड’ला दुसऱ्याच अंगात प्रवेश आहे.

काळ मागे ढकलून एखादी गोष्ट वास्तवापासून दूर नेता येते, हे मुलांना नवल वाटते. त्यांना मी मराठीतलेच उदाहरण देते. आपण प्राचार्यांच्या खोलीत जातो आणि म्हणतो, ‘सर, मला जरा विचारायचं होतं.’ विचारायचे तर आत्ता आहे. मग ‘होतं’ कशाला? अंतर ठेवण्यासाठी. भूतकाळ तिथे आदराचे अंतर निर्माण करतो, इंग्रजीतला हा ‘हॅड’ वास्तवापासूनचे अंतर निर्माण करतो. एवढे सांगितले की ‘हॅड’ हा सूत्रातला अंक राहत नाही, त्याला कारण मिळते.

दुसरी जागा अधिक फसवी आहे. आपली म्हण आहे : आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते. रूप पाहा. ‘असत्या तर’, ‘म्हटले असते’. रूपावरून हे तिसऱ्या प्रकारचे वाक्य वाटेल. पण ही गोष्ट काही कालची नाही. आत्याबाईला आजही मिशा नाहीत. इंग्रजीत हे दुसऱ्या प्रकारात जाईल : ‘इफ आँटी हॅड अ मुस्टाश, वुई वुड कॉल हर अंकल.’ मराठी पुष्कळदा एकाच रूपावर दोन्ही कामे भागवते आणि काळ ठरवण्याचे काम ‘आज’, ‘काल’ अशा शब्दांवर सोपवते. ‘आज माझ्याकडे पैसे असते तर मी दिले असते’ आणि ‘काल माझ्याकडे पैसे असते तर मी दिले असते’ ही दोन्ही वाक्ये मराठीत सुखाने नांदतात. इंग्रजीत पहिल्याला ‘हॅड’ आणि ‘वुड गिव्ह’ लागते, दुसऱ्याला ‘हॅड हॅड’ आणि ‘वुड हॅव गिव्हन’. दोनदा आलेला ‘हॅड’ पाहून मुलांना छपाईची चूक वाटते. म्हणून माझा नियम असा : इंग्रजीला हात घालण्यापूर्वी मराठी किंवा हिंदी वाक्यात ‘आज’ किंवा ‘काल’ घालून पाहायचे. जो शब्द बसेल तो प्रकार ठरवील.

तिसरी जागा छोटी आहे. आपण ‘जर’ सहज गाळतो, ‘तर’ मात्र सोडत नाही. इंग्रजी नेमके उलटे करते. ‘इफ’ ठेवते आणि ‘देन’ बहुधा गाळते. त्यामुळे आमच्या मुलांच्या वाक्यात ‘इफ’ हरवतो किंवा ‘देन’ उगाच येतो. चौथी जागा कर्त्याशी जुळवून घेण्याची. मराठीत मी आलो असतो, मी आले असते, तू आला असतास, त्या आल्या असत्या, अशी पुरुष, लिंग, वचनाची रांग लागते. इतकी रांग सांभाळणारा विद्यार्थी इंग्रजीत ‘शी’ आली की ‘वुड हॅज’ लिहून मोकळा होतो. त्याला सांगावे, की इथे इंग्रजी तुझ्या भाषेपेक्षा सोपी आहे. सर्वांना एकच ‘वुड हॅव’. बोलताना मात्र कान तयार हवा. ‘इफ आयड नोन, आयड हॅव कम’ या वाक्यात ‘आयड’ दोनदा येते. पहिल्यात ‘हॅड’ लपला आहे, दुसऱ्यात ‘वुड’. दोन्ही अंगांचा फरक समजलेला नसेल तर हे वाक्य ऐकून उलगडत नाही.

एवढे व्याकरण झाले. आता सरावाकडे वळते, कारण खरी गोष्ट तिथे सुरू होते.

रिकाम्या जागा भरून हे वाक्य येत नाही. मी उलट्या बाजूने सुरुवात करते. मुलांना आधी दोन खरी वाक्ये लिहायला सांगते, साध्या भूतकाळात. ‘पाऊस उशिरा आला. रोवणी लांबली.’ मग ही दोन्ही वाक्ये उलटवायची : पाऊस उशिरा आला नसता तर रोवणी लांबली नसती. होकार होता तिथे नकार, नकार होता तिथे होकार. नंतर इंग्रजी. त्यानंतर उलट प्रवास : मी संकेतार्थी वाक्य देते आणि विचारते, ‘याच्या खाली दडलेली खरी वाक्ये कोणती?’ ज्याला ती सापडतात त्याला वाक्य कळले. ज्याला सापडत नाहीत त्याने साचा बिनचूक भरला असला, तरी अर्थ त्याच्या हाती लागलेला नाही, असे मी समजते.

उदाहरणे कोठली घ्यायची, हाही प्रश्न आहे. बाजारातल्या सरावपुस्तकांत कोणाचे तरी विमान चुकते, कोणी छत्री घरी विसरते, कोठे बर्फ पडतो. वैनगंगेच्या काठच्या मुलाला चुकलेल्या विमानाची हळहळ कशी वाटावी? संकेतार्थ ही हळहळीची, कृतज्ञतेची, तक्रारीची भाषा आहे. जिथे काही गमावलेले नाही आणि काही वाचलेले नाही, तिथे हे वाक्य निर्जीव राहते. म्हणून एका वर्षी मी वर्गाला काम दिले : घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या तोंडचे एक ‘असते तर’ घेऊन या. ज्या भाषेत ते बोलले त्याच भाषेत आणा, इंग्रजी आपण इथे करू.

दुसऱ्या आठवड्यात वाक्ये आली. बहुतेक शेतीची होती, काही दुखण्याखुपण्याची, काही लग्नांची. वारासिवनीकडच्या एका खेड्यातून येणाऱ्या मुलीने आजीचे वाक्य आणले होते. तिने ते पोवारी आणि मराठीच्या मिश्रणात वाचले, मी प्रमाण मराठीत सांगते : ‘तुझ्या आजोबाने ती बांधी विकली नसती तर तू शिकली नसतीस.’ बांधी म्हणजे आमच्याकडचे बांध घातलेले धानाचे वावर. मुलीला हे वाक्य पाठ होते, कारण आजी ते नेहमी म्हणे. तिला ती नेहमी जमिनीची तक्रार वाटत आली होती. घरातली एक चांगली बांधी गेली, एवढेच त्यातून तिने ऐकले होते.

मी नेहमीप्रमाणे विचारले, ‘खाली दडलेली खरी वाक्ये कोणती?’ तिने फळ्यावर लिहिले : ‘आजोबांनी बांधी विकली. मी शिकले.’ दोन नकार उलटून दोन होकार झाले. ती क्षणभर फळ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे आजी रागाने म्हणत नव्हती.’ मग तिने इंग्रजी केले : ‘इफ माय ग्रँडफादर हॅड नॉट सोल्ड दॅट बांधी, आय वुड नॉट हॅव स्टडीड.’ ‘बांधी’ला ‘फील्ड’ करू का, असे तिने विचारले. मी राहू दे म्हटले. दोन्ही अंगांत नकार असलेले वाक्य इंग्रजीत अवघड समजले जाते. त्या दिवशी तो वर्ग ते चुकला नाही. वाक्याचा अर्थ त्यांच्यातल्याच एकीच्या घरात घडलेला होता, हे त्याचे कारण.

इथपर्यंत दोन खऱ्या वाक्यांची गोष्ट झाली. पण संकेतार्थी वाक्यात तिसरीही एक गोष्ट असते आणि आजच्या भाषणाचा रोख तिच्याकडे आहे. ‘आजोबांनी बांधी विकली’ ही घटना. ‘मी शिकले’ हीही घटना. या दोन्हींना जोडणारा ‘तर’ मात्र घटना नाही. तो दावा आहे. एकामुळे दुसरे झाले, असे बोलणारा म्हणतो आहे. आजीचा दावा पक्का होता, कारण बांधीच्या पैशातून कोणाची फी भरली हे ती सांगू शकत होती. प्रत्येक ‘तर’ असा पक्का नसतो. ‘जरतरला काय अर्थ?’ असे आपण मोठ्या माणसांकडून ऐकतो, ते या कच्च्या ‘तर’ला उद्देशून असते.

मराठी माणसाला जरतर शिकवायला नको. १४ जानेवारी १७६१ या दिवसाने ते आपल्याला शिकवले आहे. पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले. ते पडले नसते तर? जयंत नारळीकरांनी हाच धागा पकडून ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा लिहिली. तिच्यातले इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतात, जिथे ती गोळी विश्वासरावांना लागलेली नाही आणि मराठे जिंकले आहेत. या कथेचे इंग्रजी रूप ‘द अॅडव्हेंचर’ या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ पुस्तकात आहे. आमच्या भागातला मराठी मुलगा नारळीकरांना अनेकदा इंग्रजीच्या तासाला पहिल्यांदा भेटतो. मी म्हणते, हरकत नाही, भेटतो तर खरा! हा धडा आणि हे व्याकरण एकत्र शिकवण्यासारखे आहेत. ‘इफ द बुलेट हॅड मिस्ड विश्वासराव’ इतके लिहून दिले, की वर्गात प्रत्येक जण पुढचे अंग वेगळे पुरे करतो. कोणी थेट दिल्लीचे तख्त घेतो, कोणी इंग्रजांनाच परतवतो. तिथे मी थांबवते आणि विचारते : गोळी चुकली, इथपर्यंत ठीक, पुढच्या ‘तर’चा आधार काय? विश्वासराव वाचते तर सैन्याचा धीर टिकला असता, हे म्हणता येईल. उपासमारीने खंगलेल्या सैन्याला धान्य मिळाले असते, असे मात्र गोळी चुकल्याने होत नाही.

इंग्रजीतही हा खेळ जुना आहे. १९३१ साली जे. सी. स्क्वायर यांनी संपादित केलेल्या लेखसंग्रहाचे नावच तिसऱ्या प्रकारातले आहे : ‘इफ इट हॅड हॅपन्ड अदरवाइज’. त्यात विन्स्टन चर्चिल यांचा लेख आहे. अमेरिकन यादवी युद्धात १८६३ साली गेटिसबर्गच्या लढाईत जनरल ली हरले. चर्चिल यांच्या लेखाचे शीर्षक मात्र विचारते, ली गेटिसबर्ग जिंकले नसते तर? म्हणजे लेखक अशा जगात बसून लिहितो आहे, जिथे ली जिंकले आहेत. हे शीर्षक मी मुलांना देते आणि दडलेले खरे वाक्य शोधायला सांगते. व्याकरणाच्या हिशेबाने ‘ली जिंकले’ असे उत्तर येते, इतिहासाच्या हिशेबाने ते खोटे ठरते, आणि मुलांना गंमत कळते. रूप बरोबर असले म्हणजे दावा खरा होत नाही, हे यापेक्षा चांगले कसे दाखवावे?

दाव्याचे वजन मोजायला इंग्रजीने तीन मापे दिली आहेत. ‘वुड हॅव’ म्हणजे झालेच असते. ‘कुड हॅव’ म्हणजे होऊ शकले असते. ‘माइट हॅव’ म्हणजे कदाचित झाले असते. मराठीतही ही तिन्ही आहेत, हे मी लिहिलेल्या अर्थांवरूनच दिसते. पण साचा पाठ करणारा विद्यार्थी सगळीकडे ‘वुड’ ठोकतो. परीक्षेत चालते. विचारात चालत नाही. माझ्या वर्गात ‘वुड’ लिहिणाऱ्याला कारण द्यावे लागते; कारण नसेल तर ‘माइट’वर उतरावे लागते.

आता हीच कसोटी आपल्याला स्वतःला लावू या. सीमेवरच्या मराठी घरांत एक वाक्य पिढ्यान् पिढ्या फिरते आहे : बालाघाट विदर्भाबरोबर गेला असता तर आमची मुले मराठी शिकली असती. खाली दडलेली वाक्ये खरी आहेत. इंग्रजी अमलात हा जिल्हा मध्यप्रांताच्या नागपूर विभागात होता. भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून १८६७च्या सुमारास तो बनला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूर राजधानी राहिली नाही आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हा भंडारा जिल्ह्यात असलेले गोंदिया रेल्वेने जेमतेम ४० किलोमीटरवर, पण राज्य दुसरे झाले. आणि आज माझ्या वर्गातल्या बहुतेक मराठी मुलांना शाळेत मराठी हा विषय भेटलेला नसतो. दोन्ही घटना खऱ्या.

पण ‘तर’? सीमेपलीकडे मराठी शाळा होत्या, पाठ्यपुस्तके होती, नोकरीत मराठीला किंमत होती. तेव्हा या दाव्याला आधार नाही असे मी म्हणणार नाही. तरीही सीमेपलीकडचे आईबापसुद्धा आज इंग्रजी शाळेच्या दारात रांग लावतात, हेही आपण पाहतो. म्हणून ‘शिकली असती’ला मी ‘शिकू शकली असती’ करीन. वुडचे कुड. एवढ्या बदलाने वाक्याचे ओझे हलते. ‘शिकली असती’मध्ये सगळी जबाबदारी १९५६च्या रेषेवर पडते. ‘शिकू शकली असती’ म्हटले की उरलेली जबाबदारी कोणाची, असा प्रश्न येतो, आणि तो आपल्या ओसरीपर्यंत येऊन पोचतो. घरी आजीशी बोलायला, देवनागरीतले मराठी पुस्तक उघडायला कोणत्याही सीमेची आडकाठी नव्हती. लिपी तर तीच आहे.

दुसरे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांचे आहे आणि मला ते अधिक टोचते. घरून आणलेल्या वाक्यांनंतर मी त्यांना स्वतःचे एक वाक्य लिहायला सांगते. नाव लिहायचे नाही. दरवर्षी एक वाक्य अनेक चिठ्ठ्यांवर येते : मी इंग्रजी माध्यमात शिकलो असतो तर आज चांगल्या ठिकाणी असतो. व्याकरण पाहायचे तर हे मिश्र वाक्य आहे. पहिले अंग गेलेल्या काळाचे, दुसरे आजचे. म्हणून इंग्रजीत ‘इफ आय हॅड स्टडीड’ आणि पुढे नुसते ‘आय वुड बी’, ‘वुड हॅव बीन’ नाही. मराठीतही ‘असतो’वर वाक्य थांबते, ‘झालो असतो’पर्यंत जात नाही. हे समजावणे सोपे आहे. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने हे वाक्य लिहिले आहे, त्याचे आयुष्य अजून पुढे आहे, आणि स्वतःच्या हुकलेपणाचा हिशेब त्याने मांडूनही टाकला आहे, हे समजावून कसे घ्यायचे?

मी तेच करते, जे पानिपताच्या वाक्याचे केले. दोन घटना वेगळ्या काढा. इंग्रजी माध्यमात शिकलो नाही, हे खरे. आज मनासारख्या ठिकाणी नाही, हेही खरे. आता ‘तर’चा आधार द्या. वर्गात चर्चा होते, आणि ती मी हिंदीत, मराठीत, पोवारीत होऊ देते. कोणी म्हणते, गावातल्या इंग्रजी शाळेत गेलेला चुलतभाऊही इथेच बसला आहे. कोणी म्हणते, पुस्तके वेळेवर मिळाली असती तर, गणिताला शिक्षक असता तर, बस रोज आली असती तर. ‘तर’ एकाचे चार होतात. इंग्रजी येत नसल्याने दारे बंद होतात, हे मी नाकारत नाही. नाकारले असते तर आयुष्यभर इंग्रजी शिकवली नसती. पण इंग्रजी न येणे आणि घरच्या भाषेत शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या चिठ्ठीवरचा ‘तर’ त्यांना एक करून टाकतो आणि दोष आजीच्या भाषेच्या माथी मारतो. ज्या भाषेने त्याला संकेतार्थ दिला, त्याच भाषेविरुद्ध तो संकेतार्थ वापरतो आहे. हे त्याच्या ध्यानात यावे एवढीच माझी इच्छा असते.

एक वर्षी चिठ्ठ्यांमध्ये दुसऱ्या फेरीला वाक्य आले : ‘इफ समवन हॅड टोल्ड मी दॅट माय लँग्वेज हॅज धिस सेंटेन्स, आय माइट नॉट हॅव फिअर्ड इट.’ माझ्या भाषेत हे वाक्य आहे असे कोणी सांगितले असते तर मी कदाचित त्याला भ्यालो नसतो. ‘माइट’ लिहिले होते, ‘वुड’ नाही. कोणाची चिठ्ठी ते मला माहीत नाही.

शिक्षक मित्रांना माझी विनंती साधी आहे. इंग्रजीच्या तासाला घरची भाषा बोलली तर दंड करू नका. निदान या प्रकरणापुरती तिला आत बसू द्या. साचा फळ्यावर लिहाच, पण त्याआधी दोन खरी वाक्ये लिहून घ्या. उदाहरणे मुलांना आणू द्या. आणि वाक्य पुरे झाले की ‘तर’कडे बोट दाखवून विचारा, ‘हे कशावरून?’ लेखकांना विनंती अशी, की सीमेवरच्या घरांतली ही ‘असते तर’ची वाक्ये ऐका आणि लिहून ठेवा. ती बोलणारी माणसे कमी होत चालली आहेत. विद्यार्थ्यांना तर आजच काम देते. घरी जा, घरातल्या वडील माणसाजवळ बसा, त्यांचे एक ‘असते तर’ त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि त्याखालची दोन खरी वाक्ये त्यांना वाचून दाखवा. ती बरोबर आहेत की नाहीत, हे तेच सांगतील.